दावणीला बांधलेले फोटो

छापखान्यातल्या संगणकावर माझी फाइल उघडली, तेव्हा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याचा, फोटो हळद शिजवण्याच्या प्रकरणात जाऊन बसला होता, त्याची फोटोओळ दोन पाने अलीकडे एकटीच राहिली होती आणि एकतिसाव्या पानावर तीन फोटो पत्त्यांसारखे एकमेकांवर पडले होते. "बाई, तुमचे फोटो पळाल्यात की," असे तिथला मुलगा अगदी सहज म्हणाला. मी मात्र खजील झाले, कारण घरी मी प्रत्येक फोटो माउसने धरून, डोळ्यांनी मापून, हव्या त्या जागी आणून ठेवला होता.

पुस्तिका तशी लहानच होती. सांगलीच्या हळदीवर, तिच्या लावणीपासून पेवातल्या साठवणीपर्यंत, डेमी आकाराची ८८ पाने, त्यात ६४ फोटो, एक नकाशा आणि तीन तक्ते असा तिचा पसारा होता. शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मजकुराची भीती नव्हती, आणि टंकन मी स्वतः वर्डमध्येच केले. फोटो घालण्याची माझी रीत अशी होती की आधी एंटर मारमारून रिकामी जागा करायची, फोटो आणून टाकायचा, तो ओढता यावा म्हणून त्याला 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' करायचे आणि मग त्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवायचे. फोटोओळही मी स्पेसबार दाबत दाबत फोटोच्या मध्यावर आणत असे. पडद्यावर सारे छान दिसे, आणि जे दिसते तेच फाइलमध्ये आहे असा माझा समज होता.

या समजाला पहिला तडा खरे तर छापखान्याच्या आधीच गेला होता. मुद्रिते (प्रूफे) वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी सातव्या पानावर एक वाक्य घालायला सुचवले: सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे पुस्तिकेत कुठेच आले नव्हते. मी ते वाक्य घातले. दोन ओळी वाढल्या आणि आठव्या पानापासून पुढच्या सगळ्या फोटोंची जागा सुटली. मी रात्री दोन वाजेपर्यंत बसून एकेक फोटो पुन्हा जागेवर नेला आणि आता कोणी काही सुचवू नये, अशी मनोमन प्रार्थना केली. छापखान्यात झाले ते याच रोगाचे मोठे रूप होते. मी मजकुरासाठी इंटरनेटवरून उतरवलेला 'मुक्ता' हा टंक (फॉन्ट) वापरला होता. तो तिथल्या संगणकावर नव्हता, म्हणून वर्डने स्वतःच्या मनाने दुसरा देवनागरी टंक लावला, अक्षरांची रुंदी व ओळींची उंची बदलली आणि ८८ पानांची ९३ झाली. मजकूर पुढे सरकला, फोटोही सरकले, पण दोघे एकाच चालीने सरकले नाहीत.

माझी भाची मिरजेला एका अभियांत्रिकी सल्लागाराकडे अहवाल तयार करण्याचे काम करते. रविवारी ती घरी आली तेव्हा मी तिच्यापुढे फाइल ठेवली. तिने एकाही फोटोला हात लावला नाही. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबल्या. लगेच पानभर परिच्छेदचिन्हे उमटली, प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका आला आणि माझी सगळी लबाडी उघडी पडली: एका फोटोखाली ११ रिकामे परिच्छेद, एका फोटोओळीच्या आधी ३४ ठिपके. मग तिने पेवाच्या फोटोवर क्लिक केले. फोटोपासून बऱ्याच वर, समासाजवळ, एक लहानसा नांगर दिसला.

इंग्रजीत त्याला अँकर म्हणतात. मराठीत नांगर म्हणायला हरकत नाही, पण कृष्णाकाठच्या माणसाला नांगर म्हटले की जहाज आठवत नाही, शेत आठवते, आणि शेतातला नांगर तर चालण्यासाठी असतो. त्यामुळे हा शब्द मला काही केल्या पटेना. "मावशी, हा फोटो पानावर नाहीच," भाची म्हणाली, "तो या परिच्छेदाला बांधलाय." बांधलाय हा शब्द ऐकला आणि मला माहेरचा गोठा आठवला. जनावर खुंट्याला दाव्याने बांधलेले असते. दावे पुरेल तितके ते इकडेतिकडे होते, पण खुंटा उपटून दुसरीकडे रोवला की जनावरही तिकडे जाते. वर्डमधला मोकळा फोटो असाच कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेला असतो, आणि ज्या पानावर तो परिच्छेद असेल त्याच पानावर फोटो राहतो. मी आजवर जनावर ओढत होते, खुंटा कुठे आहे हे एकदाही पाहिले नव्हते.

एकतिसाव्या पानावरच्या तीन फोटोंचे कोडे लगेच सुटले. तिघांचेही नांगर एकाच रिकाम्या परिच्छेदावर होते, कारण मी ते तिन्ही एकाच बैठकीत, कर्सर तिथेच ठेवून आणले होते. उत्साहाच्या भरात मी तो नकोसा रिकामा परिच्छेद निवडून डिलीट केला आणि तिन्ही फोटो क्षणात नाहीसे झाले. खुंट्याबरोबर जनावरेही गेली. कंट्रोल आणि झेड दाबल्यावर ती परत आली, पण मधूनच माझे फोटो गायब का होत असत आणि मी ते पुन्हा पुन्हा का टाकत असे, याचा उलगडा त्या एका कळीने झाला.

त्यानंतर भाचीने मला फोटोंच्या दोन जातींतला फरक समजावला, आणि पुढचे सगळे काम या फरकावरच उभे राहिले. फोटो निवडल्यावर त्याच्या कोपऱ्याशी 'लेआउट ऑप्शन्स'चे जे बटण दिसते, त्यात सर्वांत वर 'इन लाइन विथ टेक्स्ट' हा पर्याय असतो. तो निवडला की फोटो हे एक भले मोठे अक्षर होते: त्याला नांगर नसतो, ओढून पानावर वाटेल तिथे ठेवता येत नाही, तो ओळीत बसतो आणि मजकूर सरकेल तसा अक्षरासारखा सरकतो. खालचे पर्याय, म्हणजे 'स्क्वेअर', 'टाइट', 'थ्रू', 'टॉप अँड बॉटम', 'बिहाइंड टेक्स्ट' आणि 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट', हे सगळे मोकळ्या फोटोंचे. मजकुराने त्याला कशी वाट द्यायची एवढाच त्यांच्यात फरक. माझे ६४च्या ६४ फोटो मोकळे होते. त्यांतले खरोखर मोकळे असायला हवे होते किती, असे भाचीने विचारले, आणि मी मोजले तर नऊ निघाले.

उरलेले ५५ फोटो ओळीत बसवायचे ठरले. पहिलाच फोटो ओळीत बसवला आणि त्याची फक्त खालची एक पट्टी दिसू लागली. हळदीच्या शेताऐवजी जेमतेम बोटभर माती. फोटो बिघडला असे वाटून मी तो पुन्हा आणून टाकला, तर पुन्हा पट्टीच. कारण माझ्याच जुन्या शहाणपणात होते. मंगल टंकात ओळींमध्ये फार अंतर पडते म्हणून मी पूर्वी केव्हा तरी सगळ्या मजकुराचे ओळअंतर 'एक्झॅक्टली' १६ पॉइंट करून ठेवले होते. टंक पुढे बदलला, ते बंधन तसेच राहिले. १६ पॉइंट म्हणजे १६ पॉइंट, मग त्या ओळीत अक्षर असो की चार इंची फोटो. तेवढ्या परिच्छेदाचे अंतर 'सिंगल' केल्यावर शेत पुरते दिसले. मग फोटोंसाठी एक वेगळी स्टाइलच केली: मध्यावर, ओळअंतर एकेरी, वर-खाली सहा-सहा पॉइंट मोकळे, आणि 'कीप विथ नेक्स्ट' चालू, म्हणजे फोटो एका पानावर आणि फोटोओळ दुसऱ्या पानावर असे होऊ नये. फोटोओळीही 'इन्सर्ट कॅप्शन'मधून घातल्या. पूर्वी मी क्रमांक हाताने लिहीत असे. आता मधला एक फोटो काढला तरी सगळे निवडून एफ ९ दाबले की पुढचे क्रमांक आपोआप नीट होतात.

तीन फोटो शेजारी शेजारी लावायचे काम मला सर्वांत अवघड वाटत होते. काहिलीत शिजणारी हळद, अंगणातले वाळवण आणि पॉलिश करणारे पिंप असे तीन टप्पे एका रांगेत हवे होते. पहिल्यांदा मी ते मोकळेच ठेवून, 'अलाइन' या यादीतल्या 'अलाइन टॉप' आणि 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझाँटली' या आज्ञा वापरून पाहिल्या. वरची कड एका रेषेत येते आणि मधली अंतरे सारखी होतात. डोळ्यांनी मापण्यापेक्षा हे कितीतरी बरे. बारीक हलवाहलव बाणांच्या कळांनी करता येते, आणि ओढताना फोटो आपोआप कुठे तरी चिकटत असेल तर ऑल्ट धरून ठेवला की तो चिकटत नाही, हेही तेव्हाच कळले. पण त्यांच्याखाली तीन वेगवेगळ्या फोटोओळी हव्या होत्या, आणि तिन्ही फोटो तीन खुंट्यांना बांधलेले, म्हणजे पुन्हा तीच कटकट.

शेवटी भाचीने तीन स्तंभ आणि दोन ओळींचा तक्ता घातला, वरच्या ओळीत फोटो, खालच्या ओळीत फोटोओळी, आणि सगळ्या कडा अदृश्य केल्या. यातही एक गोम होती. माझ्या पानाचा मजकूर चार इंच रुंद, म्हणून प्रत्येक स्तंभ साधारण १.३३ इंचांचा, मी फोटो १.३ इंचांचे केले आणि पहिला फोटो टाकताच त्याचा स्तंभ फुगून दुसरे दोन आकसले. प्रत्येक चौकटीच्या आत डाव्या-उजव्या बाजूला ०.०८ इंच समास वर्डने आधीच राखलेला असतो, तो मी हिशेबात धरला नव्हता. तक्त्याच्या गुणधर्मांतले 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' बंद केले, फोटो १.१५ इंचांवर आणले आणि रांग सरळ झाली. ओळ दोन पानांत तुटू नये म्हणून 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस' हेही बंद केले. तक्ता म्हणजे आकड्यांसाठीच, असे मला इतकी वर्षे वाटत होते.

आता मोकळ्या राहिलेल्या नऊ फोटोंविषयी. हे सगळे उभे, अरुंद फोटो होते आणि त्यांच्या कडेने मजकूर वाहायला हवा होता. पेवात उतरण्याआधी आत कंदील सोडून हवा पाहतात, तो फोटो त्यांतलाच. यांना 'स्क्वेअर' दिले आणि 'मोअर लेआउट ऑप्शन्स'मधल्या 'पोझिशन' या पानावर त्यांची जागा आकड्यांनी ठरवली. आडवी जागा 'बुक लेआउट' घेऊन 'आउटसाइड ऑफ मार्जिन', म्हणजे डाव्या पानावर फोटो डावीकडे आणि उजव्या पानावर उजवीकडे जातो; मजकूर वाढून पान पालटले तरी फोटो शिवणीकडे घुसत नाही. उभी जागा परिच्छेदापासून शून्य सेंटिमीटर, म्हणजे परिच्छेद जिथे सुरू होईल तिथेच फोटोही सुरू. आणि 'मूव्ह ऑब्जेक्ट विथ टेक्स्ट' चालू.

याच ठिकाणी दोन पर्यायांनी मला चांगलेच फसवले, आणि दोष मी त्यांच्या नावांना देईन. 'फिक्स पोझिशन ऑन पेज' वाचून मला वाटले की नकाशा आता बाराव्या पानावरच राहणार. वर मजकूर घातला, तर नकाशा तेराव्या पानावर गेला. गेला तो मात्र अगदी त्याच कोपऱ्यात, वरून तितक्याच अंतरावर. पानावरची जागा पक्की होते, पान पक्के होत नाही. खुंटा पुढच्या पानावर गेला की नकाशाही जाणारच. 'लॉक अँकर'चेही तसेच. त्यावर खूण केली की फोटो हलणार नाही असे मी धरून चालले होते, पण त्याने फोटो नव्हे, खुंटा पक्का होतो. एरवी फोटो ओढत नेला की खुंटा जवळच्या परिच्छेदाकडे मुकाट्याने सरकतो. खूण केल्यावर तो मूळच्याच परिच्छेदाशी राहतो. नऊही फोटोंचे खुंटे ज्या परिच्छेदात त्यांचा उल्लेख येतो तिथे नेऊन मी ही खूण केली.

नकाशाने एक पूर्ण दुपार खाल्ली. कृष्णा, वारणा, त्यांचा हरिपूरचा संगम, सांगली, आणि वर गावांच्या नावांच्या चौकटी व बाण, असे सगळे मिळून १७ तुकडे होते आणि प्रत्येकाचा नांगर वेगळा. एका मुद्रितात हरिपूर संगमावरून निघून वारणेच्या पल्याड गेले होते. उपाय गट करण्याचा होता, पण नकाशाचे मूळ चित्र ओळीत असल्याने ते गटात येईना; आधी ते मोकळे केले, मग कंट्रोल धरून एकेक तुकडा निवडत गेले. दोन बाण चित्रामागे दडलेले होते आणि क्लिक होतच नव्हते. ऑल्ट आणि एफ १० दाबल्यावर उघडणाऱ्या 'सिलेक्शन पेन'मध्ये त्या पानावरच्या मोकळ्या वस्तूंची यादी मिळते. तिथून ते सापडले. गट झाल्यावर सतरा जणांना मिळून एकच खुंटा राहिला. यादीतली नावे बदलता येतात हे कळल्यावर मी त्याला 'संगम नकाशा' असे नाव दिले, एरवी तिथे क्रमांक लावलेली निरर्थक नावे असतात.

मधल्या काळात मी लिबरऑफिस हे वर्डसारखेच दुसरे सॉफ्टवेअरही उघडून पाहिले. तिथे चित्र पानाला, परिच्छेदाला किंवा अक्षराला बांधता येते, किंवा थेट अक्षरच करता येते, आणि कशाला बांधायचे हे यादीतून सरळ निवडता येते. पानाला बांधलेले चित्र मजकूर कितीही सरकला तरी त्याच पानावर राहते. नकाशासाठी मला नेमके हेच हवे होते. परंतु छापखान्याला वर्डचीच फाइल हवी होती आणि वर्डला पानाचा खुंटा माहीत नाही, म्हणून तो नाद सोडला.

टंकाचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह' या पानावर टंक फाइलमध्येच अंतर्भूत करण्याची सोय असते. मुक्ता मुक्त परवान्याचा असल्याने त्याला आडकाठी नव्हती. शिवाय पडताळणीसाठी सोबत पीडीएफही दिली, म्हणजे पाने कशी दिसायला हवीत यावर वाद नको.

फाइल देण्याआधी भाचीने मला एक परीक्षा घ्यायला लावली. मराठीत खुंटा हलवून बळकट करणे म्हणतात, तेच तिने करायला सांगितले: पहिल्या पानाच्या सुरुवातीला वीस रिकामे एंटर मारायचे आणि शेवटच्या पानापर्यंत चाळून पाहायचे. मी मारले. पाने ८९ झाली. कंदिलाचा फोटो उजव्या पानावरून डाव्या पानावर गेला आणि तिथे न सांगता डावीकडे सरकला. तीन टप्प्यांची रांग अख्खीच्या अख्खी पुढच्या पानावर गेली. एक फोटोओळ मात्र फोटोपासून तुटली. पाहते तो तिथे माझी स्टाइल लावायचीच राहिली होती. ती लावली, वीसही एंटर काढून टाकले आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेतली.

दुसऱ्या मुद्रिताच्या वेळी मला स्वतःलाच एक परिच्छेद वाढवावासा वाटला. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि नदीकाठी जमिनीखाली साठवण करणाऱ्या गावाविषयी लिहिताना हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर नव्हते. सात ओळी झाल्या. छापखान्यात त्या मुलाच्या शेजारी बसून मी त्या टंकल्या आणि तो खाली चाळत गेला. पेवाच्या तोंडाचा मोठा फोटो फोटोओळीसकट पुढच्या पानावर गेला होता, आणि मागे जवळजवळ अर्धे पान कोरे पडले होते. "हे आता ओढून वर घेऊ का, बाई?" त्याने विचारले. ओढू नको म्हणून मी सांगितले, आणि फोटोच्या नंतरचा परिच्छेद कापून त्याच्या आधी लावला. कोरी जागा मजकुराने भरली, फोटो होता तिथेच राहिला.